चिमटा आणि काटा: क्रीडा आहारतज्ज्ञासाठी स्लिम गाईड कॅलिपर कितपत कामाचं?

निकाल आधीच सांगून टाकतो. खेळाडूंच्या आहाराचं काम सुरू करताना अंगावरची चरबी मोजायला एकच वस्तू घ्यायची असेल, तर स्लिम गाईड हे प्लास्टिकचं कॅलिपर, म्हणजे त्वचेच्या घडीची जाडी मोजणारा चिमटा, घ्या. उरलेले पैसे मोजमापाच्या प्रशिक्षणावर घाला. ज्यावर उभं राहिलं की चरबी, स्नायू, पाणी, हाडं आणि 'शरीराचं वय' असं सगळं मोबाईलवर उमटतं, तो चकचकीत काटाही घरात असू द्या, पण वजनापुरताच.

स्लिम गाईड पहिल्यांदा हातात घेतलं की विश्वास बसत नाही. पिस्तुलासारखी मूठ, बोटाने ओढायचा खटका, साधी स्प्रिंग आणि बाजूला मिलिमीटरच्या खुणा, एवढंच. दिसायला खेळणंच. पण त्वचेची घडी मोजणाऱ्या कॅलिपरकडून मुख्य अपेक्षा असते ती दाबाची. जबडा ५ मिमी उघडा असो की ४० मिमी, घडीवर दर चौरस मिलिमीटरला सुमारे १० ग्रॅम इतकाच दाब पडायला हवा. त्वचेखालची चरबी दाबली की चपटी होते, त्यामुळे दाब बदलला की जाडीही बदलते. हा दाब स्लिम गाईड बऱ्यापैकी पाळतं, म्हणूनच मोजमापाचं प्रशिक्षण देणारेही ते शिकवण्यापुरतं आणि मैदानावरच्या कामाला चालवून घेतात. ऑनलाइन दुकानात दोनशे रुपयांना मिळणाऱ्या, अंगठ्याने दाबायच्या पांढऱ्या चिमट्यात स्प्रिंगच नसते. तिथे दाब देतो तुमचा अंगठा. सकाळी ताज्या हाताने १० मिमी आलेली घडी दुपारी थकलेल्या हाताने १२ मिमी भरते आणि खेळाडू जाड झाला असं वाटतं. सोबत येणारा 'एकाच जागी चिमटा घ्या, तक्त्यात टक्के बघा' हा कागद सरळ रद्दीत टाका.

आता बुजुर्गाबद्दल. हार्पेंडन हे धातूचं इंग्लिश कॅलिपर या धंद्यातलं मानाचं हत्यार आहे. डायलवर ०.२ मिमीच्या खुणा, ८० मिमीपर्यंत पल्ला आणि वर्षानुवर्षं टिकणारा दाब. संशोधन करायचं असेल किंवा अतिशय बारीक अंगाच्या धावपटूंवर काम असेल, तर ०.२ मिमीचा उपयोग होतो, कारण ४ मिमीच्या घडीत अर्धा मिमी म्हणजे बारा टक्के. पण एका हार्पेंडनच्या किमतीत दहा-बारा स्लिम गाईड सहज येतात. हार्पेंडनचा एक सापळाही नवख्यांना माहीत नसतो. मोठा काटा २० मिमीला एक फेरी पुरी करतो आणि झालेल्या फेऱ्या छोटा काटा दाखवतो. मांडीची २६ मिमीची घडी घाईत ६ मिमी म्हणून वहीत जाते आणि सगळी बेरीज वीसने घसरते. स्लिम गाईडच्या सरळ पट्टीवर ही चूक शक्यच नाही. तिथली अडचण वेगळी. खुणा जवळजवळ असल्यामुळे अर्धा मिमी नजरेनेच ठरवावा लागतो आणि डोळा पट्टीच्या अगदी समोर नसेल तर एखादा मिमी इकडेतिकडे होतोच.

एका खेळाडूच्या नोंदी दोन कॅलिपरवर मात्र कधीच विभागू नका. जबड्यांचा आकार आणि स्प्रिंग वेगळी असल्याने हार्पेंडनचे आकडे सहसा थोडे कमी येतात. ऑगस्टमध्ये स्लिम गाईड आणि ऑक्टोबरमध्ये उसनं आणलेलं हार्पेंडन असं केलं, तर खेळाडूने काहीही न करता चरबी उतरलेली दिसेल आणि त्याचं श्रेय तुमच्या आहारतक्त्याला जाईल.

पार्सल उघडल्यावर पाच मिनिटांची तपासणी करा. जबडा हळूच मिटला की काटा बरोबर शून्यावर आला पाहिजे. मग व्हर्नियर कॅलिपर १०, २० आणि ४० मिमीवर पक्का करून त्याची टोकं या जबड्यात धरा. तिन्ही ठिकाणी आकडा जुळला तर पट्टी ठीक. व्हर्नियर नसेल तर १० मिमीच्या ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडाही चालतो. जबड्याच्या दोन्ही चकत्या प्रकाशासमोर धरून बघा. एका कडेने फट दिसली तर घडीवर दाब तिरका पडणार, तेव्हा नग परत पाठवा. महिन्यातून एकदा हीच तपासणी पुन्हा करायची. मात्र एक लक्षात असू द्या, पट्टी बरोबर असली म्हणजे स्प्रिंगही बरोबर आहे असं नाही. स्प्रिंग थकली की घडी कमी दबते आणि आकडे वाढीव येऊ लागतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे ज्याचं वजन वर्षानुवर्षं हलत नाही अशा एखाद्या सहकाऱ्याच्या घड्या दर महिन्याला घेऊन ठेवणं. त्याचे सगळे आकडे एकदम वर सरकले तर संशय स्प्रिंगवर घ्यायचा, सहकाऱ्याच्या जेवणावर नाही.

आता खरा मुद्दा. मोजमापात होणाऱ्या चुकांपैकी उपकरणाच्या चुका थोड्याच, बाकी बऱ्याचशा जागा चुकल्यामुळे होतात. आंतरराष्ट्रीय पातळीवर आयसॅक या संस्थेची पद्धत चालते. तिच्यात आठ घड्या आहेत: दंडाच्या मागे, दंडाच्या पुढे, पाठीवर खवाट्याखाली, कमरेच्या हाडाच्या लगेच वर, त्याच्या पुढच्या बाजूला थोडं खाली, बेंबीशेजारी, मांडीवर पुढे आणि पोटरीच्या आतल्या अंगाला. सगळ्या उजव्या बाजूला, खेळाडू डावखुरा असला तरी. आधी हाडाच्या खुणा बोटाने चाचपून पेनाने आखायच्या आणि मग चिमटा लावायचा. नजरेने 'इथेच कुठेतरी' असं धरलं तर पोटावर आणि कमरेवर सेंटिमीटरभराच्या फरकाने आकडा तीन-चार मिमीने बदलू शकतो.

दंडासाठी खांद्याच्या हाडाची बाहेरची कड आणि कोपराशी लागणारं, कोपराखालच्या हातातल्या बाहेरच्या हाडाचं (रेडियसचं) डोकं यांच्यातलं अंतर टेपने मोजून मध्य काढायचा. ती रेघ दंडाभोवती फिरवून मागच्या मध्यरेषेवर खूण करायची. पोटाची घडी बेंबीच्या मध्यापासून ५ सेमी उजवीकडे, उभी. खवाट्याखालची घडी हाडाच्या खालच्या टोकापासून २ सेमी बाहेर-खाली, ४५ अंशांत तिरकी. खूण केलेल्या जागी अंगठा आणि तर्जनीने त्वचा आणि चरबी उचलायची, खालचा स्नायू नाही. स्नायू आला असं वाटलं तर खेळाडूला तो स्नायू क्षणभर ताठ करायला सांगा, तो बोटांतून आपोआप निसटतो. कॅलिपर बोटांपासून १ सेमीवर, घडीला काटकोनात लावायचं. खटका पूर्ण सोडायचा आणि दोन सेकंदांनी आकडा वाचायचा. अर्ध्या सेकंदात वाचलं तर आकडा मोठा, पाच सेकंद थांबलं तर छोटा. वाचेपर्यंत डाव्या हाताची चिमूट सोडायची नाही. नवखे नेमकी तीच सोडतात.

मांडी सगळ्यात त्रासदायक. कबड्डीपटू, सायकलस्वार आणि स्प्रिंटर यांची मांडी इतकी ताठ असते की घडी उचलतच नाही. खेळाडूला खुर्चीच्या कडेवर बसवा, पाय पुढे लांब आणि दोन्ही हातांनी मांडी खालून वर उचलून धरायला सांगा. तरीही येत नसेल तर सहकाऱ्याने दोन्ही हातांनी घडी धरायची आणि तुम्ही मधे चिमटा लावायचा. स्लिम गाईडची लांब मूठ इथे थोडी अडते आणि मनगट वाकवावं लागतं. आम्ही या उपकरणाचे जे गुण कापतो ते इथेच.

कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमीत काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. मालिश झालेल्या अंगावर आणि लाल माती लागलेल्या अंगावर घडी घ्यायला जाऊ नका. तेलामुळे चिमूट घसरते आणि पेनाची खूणही उमटत नाही. स्पिरिटचा बोळा आणि कोरडा पंचा जवळ ठेवा, किंवा सरळ मेहनतीआधी, पहाटेच मोजा. सरावानंतर त्वचेकडे रक्त वाढलेलं असतं, अंग घामेजलेलं असतं आणि घडी जाड भरते. खुणांसाठी साधी आयलायनर पेन्सिल उत्तम, अंघोळीत निघून जाते.

आठही जागा एकदा पुऱ्या करून मगच दुसरी फेरी घ्यायची. एकाच जागी लागोपाठ दोनदा दाबलं तर दुसऱ्या वेळी चरबी आधीच दबलेली असते. शिवाय पहिला आकडा डोक्यात ताजा असला की हातही तोच आकडा शोधायला लागतो. दोन फेऱ्यांत ५ टक्क्यांहून जास्त फरक आला तर तिसरी घ्या. दोन असतील तर सरासरी, तीन असतील तर मधला आकडा. लिहिणारा माणूस वेगळा असावा आणि त्याने आकडा मोठ्याने परत म्हणावा. 'अकरा'चं 'अठरा' होणं हॉलच्या गोंगाटात रोजचंच. खुणांसकट एका खेळाडूला पंधरा मिनिटं धरा. तीस जणांचा संघ एका दुपारी उरकू असं प्रशिक्षकाला सांगितलंत तर शेवटच्या दहा जणांच्या आकड्यांवर पाणी सोडा.

आपला हात किती पक्का आहे हे मोजायची रीत आहे आणि कुठल्याही खेळाडूला अहवाल देण्याआधी ती करायलाच हवी. वीस जणांच्या आठ घड्यांची बेरीज दोनदा घ्या. प्रत्येकाच्या दोन बेरजांतला फरक काढून त्याचा वर्ग करा, सगळे वर्ग मिळवा, चाळीसने भागा आणि वर्गमूळ काढा. समजा वर्गांची बेरीज ४० आली. मग ४० भागिले ४० म्हणजे १ आणि वर्गमूळही १ मिमी. ही तुमच्या हाताची चूक. या आकड्याला साधारण २.८ ने गुणलं की कळतं, केवढा बदल खरा धरायचा. म्हणजे इथे पुढच्या खेपेला खेळाडूची बेरीज ८० वरून ७८ झाली तर काहीच झालेलं नाही. ७६ झाली तर काहीतरी झालंय. स्लिम गाईडवर सराव केलेला हात हा १ मिमीचा टप्पा गाठू शकतो. हार्पेंडन घेतलेला बेसराव हात गाठत नाही. महाग उपकरणाआधी प्रशिक्षण घ्या असं सुरुवातीला म्हटलं ते यासाठीच.

आता टक्क्यांचं खूळ. खेळाडू, पालक, प्रशिक्षक, सगळ्यांना 'फॅट किती टक्के?' एवढंच हवं असतं. घड्यांवरून टक्के काढायला खूप वापरलं जाणारं सूत्र डर्निन आणि वॉमर्सली यांचं, १९७४ चं. दंडाच्या पुढची, मागची, खवाट्याखालची आणि कमरेवरची अशा चार घड्यांची बेरीज घ्यायची, तिच्यावरून शरीराची घनता काढायची आणि सिरीच्या सूत्राने (४९५ भागिले घनता, वजा ४५०) टक्के. आता एक पुरुष खेळाडू घ्या, चार घड्यांची बेरीज ४० मिमी. वय २० ते २९ साठी घनता = १.१६३१ − ०.०६३२ × लॉग ४०. उत्तर १.०६१९ च्या आसपास, टक्के १६.२. हाच खेळाडू तीस पूर्ण करतो. एकही घडी बदललेली नाही, पण आता सूत्र १.१४२२ − ०.०५४४ × लॉग ४०. टक्के १९.२. वाढदिवसाचा केक न कापताच रात्रीत तीन टक्के चरबी चढली! वयाप्रमाणे न विभागलेलं, सगळ्या पुरुषांसाठीचं एकत्र सूत्र लावलं तर १८.२. सूत्रं चुकीची आहेत असं नाही. ती लोकसंख्येच्या सरासरीवर बेतलेली आहेत, तुमच्यासमोर उभ्या असलेल्या एका गोलंदाजावर नाही. त्यात अनेक जण सूत्रात कमरेच्या हाडावरच्या घडीऐवजी पुढची, तिरकी, सहसा पातळ असणारी घडी टाकतात आणि टक्के आणखी खाली आणतात. नावं सारखी वाटतात, जागा वेगळ्या आहेत.

म्हणून अहवालात आठ घड्यांची बेरीज मिलिमीटरमध्ये लिहा, शेजारी वजन, आणि बस. बेरीज कमी, वजन तेवढंच: चरबी जाऊन स्नायू आला असावा. बेरीज तेवढीच, वजन कमी: काय गेलं ते तपासा, पाणी की स्नायू. या दोन आकड्यांत जेवढं कळतं तेवढं कुठल्याही ॲपच्या रंगीत गोलात कळत नाही.

आता तो काटा. विद्युतरोधावर चालणारे काटे शरीरातून अतिशय सौम्य प्रवाह सोडतात, सहसा ५० किलोहर्ट्झचा. पाणी आणि क्षार असलेल्या स्नायूतून तो सहज जातो, चरबीतून कमी. रोध मोजून काटा शरीरातल्या पाण्याचा अंदाज करतो, पाण्यावरून चरबीविरहित वजनाचा आणि उरलेलं सगळं चरबी. म्हणजे चरबी तो मोजतच नाही, वजाबाकीत जे उरतं त्याला चरबी म्हणतो. फक्त पायांखाली पट्ट्या असलेल्या काट्यात प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो, पोटाचा आणि दंडाचा अंदाज बहुतांशी सूत्रावर सोपवून. ओम्रॉनच्या कराडा स्कॅनसारख्या, हातात मूठ धरायच्या यंत्रात प्रवाह धडातूनही जातो, त्यामुळे ती त्यातल्या त्यात बरी.

या काट्याला फसवणं सोपं आहे. सकाळी मोजा, मग लिटरभर पाणी पिऊन लगेच परत चढा. पाणी पोटात आहे, हातापायांत पोचलेलं नाही. रोध जवळपास तोच राहतो, वजन एक किलोने वाढतं आणि त्यातला बराचसा भाग चरबीच्या खात्यावर पडतो. वजन उतरवायला घाम गाळलेल्या पैलवानात पाणी कमी, रोध जास्त, म्हणून काटा त्याला उलट जास्त चरबीचा ठरवतो. व्यायामानंतर लगेच गरम त्वचेमुळे रोध घटतो आणि चरबी कमी दिसते. पाळीच्या दिवसांत पाणी धरून राहिलं तर आकडा पुन्हा हलतो. ॲपमध्ये 'ॲथलीट मोड' लावला तर त्याच माणसाचे, त्याच मिनिटाचे टक्के धाडकन खाली येतात. शरीरात काही बदललेलं नसतं, आतलं सूत्र बदललेलं असतं.

उंची, वजन, वय आणि लिंग यांवर टेकलेल्या सूत्रांचं भारतीय शरीराशी आणखी एक भांडण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांचा फोटो आणि हे आकडे २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दिसायला सडपातळ, आत चरबी, ही आपल्याकडची गोष्ट परदेशी लोकांवर बेतलेलं सूत्र कसं ओळखणार? आडदांड बांध्याच्या गोळाफेकपटूला हेच सूत्र लठ्ठ म्हणतं आणि किडकिडीत वाटणाऱ्या जलतरणपटूला बिनदिक्कत पास करतं. याच कारणासाठी घड्यांच्या टक्क्यांवरही भरवसा नको, पण मिलिमीटर हे निदान प्रत्यक्ष मोजलेले असतात.

वजनासाठी मात्र काटा हवाच आणि तो ५० ग्रॅमपर्यंत वाचणारा घ्या. सरावाआधी आणि नंतर वजन करून घाम किती गेला ते काढायचं तर १०० ग्रॅमची पायरी मोठी पडते. टणक, सपाट फरशीवर ठेवा. जिमच्या रबरी मॅटवर तो खोटं बोलतो. स्पर्धेच्या दर्जाची २० किलोची वेटलिफ्टिंग प्लेट ठेवून महिन्यातून एकदा पडताळा. वजनगटाच्या खेळात १०० ग्रॅमची किंमत पॅरिस ऑलिंपिकमध्ये, २०२४ साली, विनेश फोगटच्या ५० किलोच्या अंतिम लढतीच्या सकाळी सगळ्या देशाने पाहिली. पेसमेकर बसवलेल्या माणसाला प्रवाह सोडणाऱ्या काट्यावर उभं करू नका, एवढीही जाण ठेवा.

टेपबद्दल थोडक्यात: शिंप्याची कापडी टेप ताणते, ती नको. पोलादी, लवचीक, ७ मिमीपेक्षा रुंद नसलेली घ्या. लफकिनची डब्ल्यू६०६पीएम ही ६ मिमीची टेप वर्षानुवर्षं चालते. फक्त पुसून कोरडी करून गुंडाळा, घामाने गंजते.

यात उपकरणाच्या पलीकडचं एकच सांगायचं आहे. चिमटा घ्यायचा म्हणजे कपडे बाजूला सारायचे आणि अंगाला हात लावायचा. आधी काय करणार, कुठे आणि कशासाठी, हे सांगून परवानगी घ्या. मुलींचं मोजमाप शक्यतो बाईने करावं, आणि खेळाडू अल्पवयीन असेल तर पालक किंवा संघातली जबाबदार व्यक्ती खोलीत हवी. बेरजांचा तक्ता ड्रेसिंग रूमच्या भिंतीवर लावणारे प्रशिक्षक अजून आहेत, त्यांच्या हाती तो देऊच नका. बेरीज घसरत चाललीय, पाळी चुकतेय, वारंवार दुखापत होतेय, असं एकत्र दिसलं तर ते कौतुकाचं नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून ज्याला 'रेड-एस' म्हटलं, त्या अपुऱ्या ऊर्जेच्या त्रासाची ही लक्षणं असू शकतात. तिथे चिमटा पिशवीत ठेवून डॉक्टरकडे पाठवायचं.

स्लिम गाईड विकत घेताना नकलांपासून सावध राहा. तोच आकार, तोच रंग, पण स्प्रिंग मऊ. दुकानात शक्य असेल तर खटका पूर्ण दाबून सोडा. जबडा झटक्याने नाही, एकसारख्या ओढीने मिटला पाहिजे. वापरल्यावर चकत्या स्पिरिटने पुसा. जबडा मिटलेला ठेवा, कारण मधे काही अडकवून उघडा ठेवला तर स्प्रिंग ताणून राहते. आणि एप्रिल-मे महिन्यात ते गाडीच्या डॅशबोर्डवर विसरू नका, प्लास्टिक आहे. वाकलेल्या जबड्यावर दुरुस्ती नाही, नवंच घ्यावं लागतं. आणि नवं घेतलं की सगळ्या खेळाडूंची पहिली नोंद पुन्हा करायची.